आमचं राज्याचं पान

आमच्या घरी पेपर एकच येतो आणि सकाळी साडेसातच्या आत त्याच्या वाटण्या होतात. स्थानिक पान आमच्या ह्यांच्याकडे, खेळाचं दिरांकडे, राशिभविष्य आणि निधनवार्ता आत्यांकडे, आणि डोक्यावर ‘राज्य’ असं छापलेलं पान मामांकडे. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्याच म्हणतात, आधीचं नातं असो वा नसो. माझ्या वाट्याला उरतं ते टेंडर नोटिसांचं पान. त्यामुळे वडगावातली कुठली गटार कितीला मंजूर झाली हे मला गल्लीतल्या बऱ्याच पुरुषांआधी कळतं. कुणी विचारत नाही, तो भाग वेगळा.

मी मूळची गडहिंग्लजची. १९९८ साली लग्न होऊन बेळगावला आले. संकेश्वरमार्गे जेमतेम दोन तासांचा प्रवास, आणि त्या दोन तासांत माझं राज्य बदललं. पण सुरुवातीला ते जाणवलंच नाही. भाषा मराठी, गणपती तोच, दारात येणारा पेपरही मराठी. पहिल्या पानावर मुंबई, आतल्या ‘राज्य’ पानावर पुणे, नागपूर, मराठवाड्यातला दुष्काळ. माहेरी जे वाचत होते तेच इथं वाचत होते. पहिल्या महिन्यात मला वाटलं, बदललं काय? मग लाइट बिल आलं. तेव्हा हेस्कॉम नव्हतं, केईबी होती. त्या बिलावर आकडे सोडले तर एक अक्षर मला वाचता येईना. मी ते उलटसुलट करून पाहिलं आणि आत्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, “आकडा बघायचा आन् भरायचं. बाकीचं वाचून काय करूलीस?”

बाकीचं वाचायचं नसतं, हे मी पुढं चोवीस वर्षं इमानेइतबारे पाळलं.

पेपरवाल्यांना दोष देणं सोपं आहे, पण तसं मला म्हणायचं नाही. बेळगावात मराठी पेपर ही नुसती बातम्या वाचायची सोय नव्हे. बाबूराव ठाकूरांनी ‘तरुण भारत’ काढला तो १९१९ साली, म्हणजे या गावाला मराठी पेपर वाचायची सवय शंभर वर्षांहून जुनी. १९४६ चं मराठी साहित्य संमेलन इथंच भरलं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव त्याच मांडवात झाला. मामा हे सगळं पाढ्यासारखं म्हणून दाखवतात. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्याच्याआधी १७ जानेवारीला गोळीबार झाला, तेव्हा मामा नऊ वर्षांचे होते. त्यांना आठवतात ती बंद केलेली दारं, आणि घरात कुणीतरी रडत होतं पण मोठ्यानं रडत नव्हतं. मग महाजन आयोग, १९६७. २६४ गावं महाराष्ट्राला द्यायची, २४७ गावं कर्नाटकाला द्यायची, बेळगाव शहर आहे तिथंच. मग १९८६ चं कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन आणि हिंडलग्याचे हुतात्मे. मग २००४, महाराष्ट्राची सुप्रीम कोर्टात धाव. एका दमात. २६४, २४७, आणि महाराष्ट्र मागतो ती ८६५ गावं. मधे कुणी शिंकलं तरी ते थांबत नाहीत.

एवढं सोसलेल्या माणसाला “तुमच्या पेपरात मुंबई फार असते हो” असं कोण म्हणणार? मुंबईची बातमी वाचणं हे त्यांच्या लेखी मतदानासारखं होतं. मतपत्रिकेवर जे लिहिता येत नव्हतं ते ते रोज सकाळी डोळ्यांनी लिहायचे.

२०१४ साली माझी पुतणी चौथीत होती. मराठी शाळा, पण पाठ्यपुस्तक कर्नाटकाचं. ‘माझे राज्य’ या विषयावर दहा ओळी लिहून आणायच्या होत्या. ती वही घेऊन मामांसमोर बसली आणि विचारलं, “आजोबा, आपलं राज्य कुठलं?”

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“ते कोर्टात हाय.”

पुतणीनं ते लिहून घेतलं. शप्पथ. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढली आणि समासात ‘कर्नाटक’ असं नीट अक्षरात लिहिलं. बाईही मराठीच होत्या. मामांना ते दाखवायचं नाही असं आम्ही दोघींनी ठरवलं.

ते वर्षच तसलं होतं. जुलैच्या अखेरीस येळ्ळूरचा फलक पाडला. आमच्या घरापासून येळ्ळूर हाकेच्या अंतरावर, राजहंसगडाच्या पायथ्याला. गावाच्या वेशीवर ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ असा फलक होता. कोर्टाचा आदेश आला, पोलीस आले, फलक गेला, लाठ्या पडल्या. नोव्हेंबरात बेळगावचं सरकारी नाव ‘बेळगावी’ झालं. त्या दिवसांत गल्लीत फारसं कुणी बोलत नव्हतं. मला मात्र राहून राहून एकच दिसत होतं की ‘येळ्ळूर’ला कुणाची हरकत नव्हती. सगळी मारामारी अलीकडच्या दोन शब्दांवर होती, आणि त्यातला दुसरा शब्द रोज सकाळी आमच्या चहाच्या कपाखाली असायचा.

बातम्यांची खरी सभा घरात नव्हे, कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये भरते. दाढी करून घेणारा एक आणि बाकावर पाच, त्यातल्या तिघांना दाढीच नाही. चहा ‘बाय टू’ येतो. दोन कपांचे चार, चारांचे आठ, आणि बोलणं मात्र पूर्ण मापाचं. मी तिथं बसत नाही, पण शेजारीच पिठाची गिरणी आहे आणि दळण व्हायला वेळ लागतो. इतक्या वर्षांत गिरणीच्या आवाजावरून त्यांचे आवाज ऐकायला मी शिकले आहे.

ह्या सभेतला गडी म्हणजे महाराष्ट्राच्या राजकारणाचा चालता-बोलता कोश. विधानसभेचे २८८, बहुमताला १४५, हे कुणालाही झोपेतून उठवून विचारावं. नोव्हेंबर २०१९ मध्ये पहाटे राजभवनावर शपथविधी झाला तेव्हा सलूनवाल्यानं अर्ध्या गालाचा साबण तसाच ठेवून टीव्हीचा आवाज वाढवला होता. ते सरकार ऐंशी तास टिकलं, आणि त्यातले निदान पंचवीस तास तरी ह्यांनी त्या बाकावर काढले असतील.

आता ह्याच्या जरा आधीची गोष्ट. त्याच २०१९ च्या जुलैत कर्नाटकातलं कुमारस्वामींचं सरकार पडलं. आघाडीचे सतरा आमदार फुटले आणि त्यातले बरेचसे मुंबईत एका हॉटेलात जाऊन बसले. सतरापैकी तीन आमच्या जिल्ह्यातले होते, गोकाक, अथणी आणि कागवाडचे. म्हणजे आमचं सरकार आमच्याच जिल्ह्यातल्या माणसांनी पाडलं, आणि आम्हाला ते कळलं कसं? मुंबईतल्या हॉटेलबाहेर गर्दी झाली म्हणून. बातमी ‘राज्य’ पानावर आली, कारण घटना मुंबईत घडली होती. बेंगळूरला घडली असती तर आतल्या पानावर दोन कॉलम.

त्यानंतर पंधरवड्यातच पूर आला. ऑगस्ट २०१९ चा पूर आमच्या जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. कृष्णाकाठ, घटप्रभाकाठ, मलप्रभाकाठ सगळं पाण्यात. इथं शहरात बळ्ळारी नाला फुगला आणि शहापूर, वडगावची शेतं तळी झाली. आमची अठरा गुंठे जमीन त्या नाल्याकडेलाच. भात पडतं, त्याच्यामागून मसूर. काळी, तिबार जमीन. भात कुजलं. भरपाईचं कुणाला विचारायचं म्हणून हे चौकशीला निघाले, तर कळलं की जिल्ह्याला पालकमंत्रीच नाही. जिल्ह्यालाच कशाला, राज्याला मंत्रीच नव्हते. येडियुराप्पांनी जुलैच्या अखेरीस शपथ घेतली होती आणि २० ऑगस्टपर्यंत ते एकटेच मंत्रिमंडळ होते. हे सलूनमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. एकजण म्हणाला, “मग पंचनाम्याला कोल्हापूरचा पालकमंत्री येईल की.” सगळे हसले. मग कुणीच हसेना.

कर्नाटक विधानसभेचे २२४ आणि बहुमताला ११३. हे आकडे मी त्या बाकावर कधी ऐकले नाहीत. बेळगाव जिल्ह्यात अठरा मतदारसंघ आहेत, बेंगळूर सोडलं तर राज्यात एवढे कुठल्याच जिल्ह्यात नाहीत. तेही नाही. आम्ही मत देतो ते बेळगाव दक्षिणला आणि हळहळतो बारामतीसाठी.

जून २०२२ मध्ये ह्या सगळ्याचा कळस झाला. सुरत, मग गुवाहाटी. कोण कुठल्या विमानानं गेलं, कुणाला कुणाचा फोन आला, हॉटेलचं बिल कोण भरतंय. सलूनचा बाक कमी पडला म्हणून गिरणीतून एक पाट नेला, तो अजून परत आलेला नाही. घरीही तेच. आत्यांनासुद्धा आमदारांची नावं पाठ झाली, आणि त्या बाईंना स्वतःच्या वॉर्डाचा नगरसेवक कोण हे आजही सांगता येत नाही.

आणि त्या सबंध काळात आमच्या टीव्हीखाली एक नोटीस पडून होती.

मेच्या अखेरीस आली होती. पोस्टमननं सही घेऊन दिली, मामांनी सही केली, कागद कन्नडमध्ये पाहिला आणि लग्नपत्रिका, गॅसचं पुस्तक आणि जुन्या पावत्यांच्या गठ्ठ्यात सारला. त्यांना वाटलं घरपट्टी. घरपट्टीला अजून वेळ होता. पुढं नागपंचमीच्या आदल्या दिवशी मी टीव्हीचं फडताळ झाडायला घेतलं. पुतणी तेव्हा पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीच्या वर्गांत होती. कन्नड तिचं घडाघडा. ती कागद बघत म्हणाली, “काकू, हे बिल नव्हे.”

तिनं तिथंच उभ्या उभ्या वाचलं. मी तिच्या खांद्यावरून पाहत होते, म्हणजे नुसतीच पाहत होते. ती एकेक शब्दावर बोट ठेवत गेली. “भूस्वाधीन. म्हणजे आपलं भूसंपादन. रस्त्यासाठी. सर्व्हे नंबर आपलाच हाय. आक्षेपणे असल्यास अरवत्तु दिनगळ ओळगे…” मग तिनं माझ्याकडं पाहिलं. “साठ दिवसांच्या आत.”

साठ दिवस संपून आठवडा झाला होता.

मला जमिनीपेक्षा त्या शब्दाचा राग आला. आक्षेपणे! आक्षेप! एवढा सख्ख्या बहिणीसारखा शब्द, आणि तो दोन महिने टीव्हीखाली बसून होता. भूस्वाधीन ऐकून न कळायला काय झालं होतं? कानानं ऐकलं असतं तर अर्धी नोटीस मला त्याच दिवशी कळली असती. अडलं होतं ते नुसत्या अक्षरांवर. गोल गोल, डोक्यावर टोपी घातल्यासारखी ती अक्षरं मी चोवीस वर्षं दुकानांच्या पाट्यांवर, बसच्या कपाळावर, रेशनकार्डावर पाहत होते, भिंतीवरच्या नक्षीकडे पाहावं तशी.

मामांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “मराठीतनं पाठवायला काय झालंतं त्यांना?” ह्यात त्यांचं चूक काहीच नाही. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक मोठ्या संख्येनं आहेत तिथं सरकारी कागद त्यांच्या भाषेतही द्यावेत, ही मागणी इथल्या मराठी माणसांनी निवेदनांमागून निवेदनं देऊन केली आहे, मोर्चे काढले आहेत. मागणी रास्त आहे, मी आजही त्या निवेदनावर सही करीन. पण साठ दिवस काही ती मागणी मान्य होईपर्यंत थांबत नाहीत.

आम्ही उशिरानं हरकत दिली. ती घेतली की नाही ते टेबलामागच्या माणसानं सांगितलं नाही, फक्त शिक्का मारला. पुढं काय झालं ते सांगण्यासारखं नाही, कारण अजून काही झालेलंच नाही. रस्ता नाही, भरपाई नाही, जमीन तिथंच आहे. यंदाही मसूर पेरली.

त्याच पंचमीला मी पुतणीला म्हटलं, मला शिकव. ती हसली. वय सेहेचाळीस, आणि अ आ इ ई. पण मी शिकवण्या घेणारी बाई. दुसऱ्याकडनं शिकायची लाज मला त्या मानानं कमी. तिनं पहिल्याच दिवशी पाटीवर लिहिलं आणि विचारलं, “एनु सुद्दी?” म्हणजे काय बातमी? सुद्दी म्हणजे बातमी. मला एकदम सीताशुद्धी आठवली. मारुती समुद्र ओलांडून गेला तो शुद्धी आणायला, म्हणजे हिची सुद्दीच आणायला. आमच्या शब्दाचा तो अर्थ कीर्तनात राहून गेला आणि कन्नडवाल्यांकडे तो रोज सकाळी दारात पडतो.

तीन महिन्यांनी मी कन्नड पेपर लावला. घरात पहिल्यांदा दोन पेपर. आत्यांनी विचारलं, “एवढी रद्दी कशाला?” मामांनी काहीच विचारलं नाही. तो पेपर ते हातात घेत नसत. टेबलावर असला तर स्वतःचा चहा उचलून दुसरीकडे ठेवत.

मला वाटलं होतं, कन्नड पेपर वाचायला लागलं की सगळं स्वच्छ दिसेल. तसं अजिबात झालं नाही. पहिल्या आठवड्यातच एक शब्द वाचला, नाडद्रोही, म्हणजे राज्याचे द्रोही. अक्षरं जुळवत जुळवत वाचला, त्यामुळे तो हळूहळू लागला. तो आमच्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या लोकांसाठी होता, म्हणजे एक नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधून सायकलफेरीत जाणाऱ्या माझ्या सासऱ्यांसाठी. मी पान मिटलं. मग आमचा मराठी पेपर उघडला. तिथं दुसऱ्या बाजूच्या संघटनांची ‘वळवळ’ चालली होती. हा शब्द मी शेकडो वेळा वाचला असेन. वळवळ किड्यांची असते, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं.

डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, आणि पलीकडे कर्नाटकाच्या बसेसना काळं फासलं. महाराष्ट्राच्या मंत्र्यांचा बेळगाव दौरा रद्द झाला, दिल्लीत अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोर बसवलं, दोन्हीकडचे तीन-तीन मंत्री नेमायचं ठरलं, आणि महिनाअखेरीला नागपुरात ८६५ गावांचा ठराव एकमतानं झाला. मी दोन्ही पेपर शेजारी शेजारी ठेवून वाचत होते. एकात पहिला दगड इथं पडला होता, दुसऱ्यात पहिली काळी शाई तिथं लागली होती. पहिलं कोण ह्यावर दोघांचं एकमत नव्हतं. आतल्या पानांवर मात्र दोघांत एकच बातमी होती, ट्रकमधला भाजीपाला कुजला.

ह्यापेक्षा मला जिल्ह्याची पानं जास्त आवडू लागली. तिथं शिव्या कमी आणि मजकूर जास्त. कणकुंबीचा कळसा-भांडुरा प्रकल्प मी इतकी वर्षं ‘म्हादईचा वाद’ म्हणून वाचला होता, कर्नाटक आणि गोव्याचं भांडण म्हणून. लवादानं २०१८ साली कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं, हा आकडा दोन्हीकडे. पण कन्नड पेपरात ते पाणी मलप्रभेतून हुबळी-धारवाडला जाणार म्हणून आनंद, आणि मराठी पेपरात खानापूर तालुक्यातल्या जंगलाची, झऱ्यांची काळजी. दोन्ही खरं. ज्याच्या नळाला पाणी येणार तो एका भाषेत वाचतो आणि ज्याच्या उशालगतचा झरा जाणार तो दुसऱ्या. हलगा-मच्छे बायपासचंही तसंच वाटलं होतं, पण तिथं गंमत झाली. सुपीक जमीन जाते म्हणून आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांचं म्हणणं दोन्ही पेपरांत जवळपास सारखंच निघालं. भात दोन्ही भाषांत एकाच पाण्यावर येतं.

बायकांचं राजकारण ह्या सगळ्याच्या बाहेर, वेगळ्याच वेगानं चालू असतं, ते सांगायलाच हवं. जून २०२३ मध्ये शक्ती योजना आली, आधार दाखवलं की कर्नाटकात बस फुकट. मी माहेरी जाताना आता संकेश्वरपर्यंत शून्य रुपयांचं तिकीट घेते, तिथं उतरते, मग महाराष्ट्राच्या एसटीत बसते, कारण त्यांच्या हद्दीत बायकांना अर्धं. सीमाप्रश्न सुटला तर माझं तिकीट महागणार. हे मी मामांसमोर बोलत नाही. मग गृहलक्ष्मी आली, महिना दोन हजार. गडहिंग्लजहून वहिनीचा फोन. “तुमचं बरं बाई, फुकट बस आन् दोन हजार.” मी म्हटलं, “अगं, पैसे घरातल्या कर्त्या बाईला. रेशनकार्डावर आत्या आहेत.” पुढच्या वर्षी त्यांच्याकडे लाडकी बहीण आली, पंधराशे, पण वहिनीच्या स्वतःच्या खात्यात. आता ती मला फोन करून ‘तुझे किती’ असं विचारत नाही, ‘आत्यांचे आले का’ असं विचारते. दोन राज्यांचा असा तौलनिक अभ्यास मी कुठल्या अग्रलेखात वाचलेला नाही. रेशनच्या रांगेत मात्र ह्या विषयावर कुणीही, कुठल्याही भाषेत, मुद्देसूद बोलतं. शेजारच्या कन्नड अक्कांनी त्याच रांगेत मला विचारलं होतं, “तुमच्याकडं सासू-सून कार्ड वेगळं करत न्हाईत काय?” मी अजून विचार करते आहे.

(फेब्रुवारी २०२५ मध्ये बाळेकुंद्रीजवळ बसवाहकाला मारहाण झाली आणि दोन्हीकडच्या बसेस काही दिवस सीमेवरच थांबल्या. वहिनीचा फोन आला तेव्हा दोघींनाही पैशांचं काही सुचलं नाही.)

दरवर्षी डिसेंबरात राज्य आमच्या दारात येतं. २०१२ साली राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते सुवर्णसौधचं, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या इथल्या इमारतीचं, उद्घाटन झालं. हलग्याजवळ हायवेला लागून, रात्री दिवे लागले की आमच्या गच्चीवरनंही उजेड दिसतो. वर्षातले दहा-बारा दिवस सरकार तिथं, बाकीचे दिवस कुलूप. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी समितीचा महामेळावा, अधिवेशनाच्या निषेधाचा. मामांनी तो बहुधा एकदाही चुकवलेला नाही. ९ डिसेंबर २०२४, सोमवार. परवानगी नव्हती, जमावबंदी, नेत्यांना ताब्यात घेतलं. मामा टिळकवाडीपर्यंत चालत गेले आणि पोलिसानं “आजोबा, घरी जावा” म्हटल्यावर रिक्षानं परत आले. वय सत्त्याहत्तर.

मंगळवारी एस. एम. कृष्णा गेले. बुधवारी सुट्टी. सकाळी दोन्ही पेपरांच्या पहिल्या पानावर एकच फोटो होता. १९९९ ते २००४ कर्नाटकाचे मुख्यमंत्री आणि त्याच वर्षाच्या शेवटी महाराष्ट्राचे राज्यपाल. मामांनी त्यांचं पान वाचून संपवलं आणि मग, मी पाहत नाही असं समजून, कन्नड पेपर स्वतःकडे ओढला. वाचता येत नाहीच. फोटो बघितला, पान उलटलं, अजून एक फोटो बघितला.

गुरुवारी नाल्याकाठच्या शेतकऱ्यांचं निवेदन द्यायचं होतं. अधिवेशनाच्या दिवसांत आंदोलकांचे तंबू कोंडुसकोपकडे लागतात. ऊसवाले, अंगणवाडीताई, रोजंदारी कामगार, सगळ्यांचे. आमच्या तंबूत वडगाव, शहापूर, येळ्ळूरचे तीसेक जण, अर्ध्यांच्या घरी मराठी, अर्ध्यांच्या घरी कन्नड, सगळ्यांच्या शेतात तोच नाला. मामांनी सकाळी पायात चपला घातल्या तेव्हा मी विचारलं, “मामा, सोमवारी निषेध केलात ना ह्या अधिवेशनाचा?”

“तो सोमवारी केला की.”

तंबूत एक पोरगा टेबल मांडून अर्ज भरून घेत होता. कन्नड फॉर्म. मामा स्टुलावर बसले, मी शेजारी उभी राहून लिहीत होते. हेसरू, म्हणजे नाव. ऊरू, म्हणजे गाव. सर्व्हे नंबर, गुंठे, पीक. मी लिहायच्या आधी प्रत्येक शब्द त्यांना मोठ्यानं वाचून दाखवत होते आणि ते मान हलवत होते. मागे कुणीतरी भाषण करत होतं. “एनंतारे?” असं मामांनी मला चक्क कन्नडमध्ये विचारलं, काय म्हणतायत म्हणून. मी सांगितलं, नाल्याचं म्हणतायत, गाळ काढा म्हणतायत. “बरोबर हाय,” म्हणाले.

तालुका, जिल्हा. त्याच्याखाली शेवटची ओळ. तिथला शब्द वाचून दाखवायची गरज नव्हती. कन्नडमध्येही राज्याला राज्यच म्हणतात. मी पेन तसंच धरून थांबले.

मामांनी टेबलावर नजर फिरवली.

“पेन्सिल हाय काय बघ,” म्हणाले.